म्हैसघसरचे लहानूमामा

लहानूमामा गेल्याचा निरोप मला व्हॉट्सअॅपवर मिळाला. मी तेव्हा श्रीगोंद्याकडच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचा रंगवत बसले होते. आमच्या जुन्या आरोग्य केंद्राच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला होता, खाली 'पायाची जुनी जखम चिघळून दुःखद निधन', आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मीही हात जोडले. म्हणजे बोटाने दाबले. मग उरलेल्या काचा रंगवल्या, हात धुतले आणि डबा खाल्ला. डब्यात मेथी होती. काहीच वाटलं नाही, हे मी लपवत नाही. पुढे पंधरा दिवस मी वाट बघितली की आज वाटेल, उद्या वाटेल. ते आलं नाही. म्हणून लिहायला बसले, तर लिहितानाही अक्षर अगदी नीट येतंय. याचाच मला राग येतो.

फोटोत मामा जीपच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आहेत आणि कॅमेऱ्याकडे न बघता टायरकडे बघताहेत. हे मात्र ज्याने कुणी टाकलं त्याने बरोबर निवडलं. मामांचा तोंड समोर असलेला फोटो कुणाकडेच नसावा.

नगर जिल्हा म्हटलं की लोकांना ऊस आठवतो, नाहीतर दुष्काळ. फार तर शिर्डी. पण अकोले तालुक्याच्या पश्चिमेला हाच जिल्हा एकदम उभा राहतो आणि तिथे पाऊस चार महिने उसंत घेत नाही. माझी पहिली नेमणूक तिथे झाली. मी सपाटीवरची. आमच्याकडे चढ म्हणजे कालव्याचा भराव, तोही बैलगाडी पळवत चढतात. आरोग्य केंद्र खाली ओढ्याकाठी होतं आणि त्याच्या हद्दीतली शेवटची वाडी वर पठारावर. मधे एक चढ होता, त्याला म्हैसघसर म्हणायचे. पूर्वी कधी तरी तिथून एक म्हैस घसरली होती. ती वाचली की मेली, याबद्दल वाडीत दोन तट होते. रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावरून ओढलेली लाल रेघ. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. सरकारी कागदावर तो 'बारमाही जोडरस्ता' होता. कागद लिहिणारा बहुधा माझ्याच गावाकडचा असणार.

त्या रस्त्यावर गाडी नेणारा पंचक्रोशीत एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे ड्रायव्हर लहानू बांडे. केंद्राची जीप जुनी होती. गिअरच्या शेजारी अजून एक बुटका दांडा होता. तो ओढला की चारही चाकं ओढायला लागायची. मामांचं म्हणणं असं, की त्या दांड्याचं कौतुक करणाऱ्याला गाडीतलं काही कळत नाही. "इंजन चढवत न्हाई ताई. इंजन निस्तं ढकलतंय. चढवतं ते टायर."

मी पहिल्यांदा वर निघाले तो लसीकरणाचा दिवस होता. चढाच्या पायथ्याशी गाडी थांबली. मामा उतरले, चपला काढून सीटखाली सारल्या, पायजमा वर खोचला आणि चढ चालायला लागले. मला वाटलं लघवीला गेले. सिस्टर मागे बसून शेंगा सोलत होत्या, त्या म्हणाल्या, "बसा निवांत. मामा रस्ता वाचायला गेलेत." पाऊणएक तासाने ते परत आले. गाडीच्या चारही चाकांशी बसून त्यांनी काडीने व्हॉल्व्ह दाबला आणि हवा सोडली. प्रत्येक चाकाशी वेगवेगळा वेळ. खिशात पेनाच्या जागी हवेचा गेज होता, पण तो ते फक्त खात्रीला लावायचे. आधी अंगठा, मग गेज. टायर खाली पसरट बसलेले बघून मी म्हटलं, "मामा, पंक्चर झाल्यासारखं दिसतंय."

"दिसू द्या की. फुगल्यालं टायर दगडावं नाचतंय. बसल्यालं धरतंय."

मग त्यांनी अनवाणी पाय पॅडलवर ठेवले आणि आम्ही निघालो. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं. माझ्या एका बाजूला कातळ होता आणि दुसऱ्या बाजूला आभाळ. मी दार उघडायला हात घातला. "दाराला हात नगं," ते म्हणाले. आवाज चढला नाही. त्यांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, क्लच सोडला, मग गिअरमध्येच चावी फिरवली आणि जीप आल्या वाटेने, आल्या चाकोरीतून, मागे मागे खाली आली. पार पायथ्यापर्यंत. त्या वेळात त्यांनी मला विचारलं, की श्रीगोंद्याला लिंबाला काय भाव आहे. मी सांगितलाही. खाली पोचल्यावर ते मला शाळेतल्यासारखं समजावत होते. "वर जाता आलं न्हाई तर आलो तसंच मागं यायचं. वळायचं न्हाई. जे वळले ते गेले." मग पुन्हा चपला सीटखाली, पुन्हा चढ पायी, आणि दुसऱ्या वेळी गाडी चढली.

अनवाणी चालण्याचं कारण मी वर पोचल्यावर विचारलं. ते म्हणाले, "डोळ्याला वरचं दिसतंय. आत गाळ हाय का मुरूम हाय, ते पायालाच कळतंय. जिथं माजा पाय धरतो तिथं टायर धरतं." पॅडलचंही तसंच. चप्पल घालून चढ चढणं म्हणजे पोतं पांघरून नाडी बघणं, असं त्यांचं मत होतं. केंद्रात डॉक्टर साहेबांसमोर ते असं बोलायचे नाहीत, माझ्यासमोर बोलायचे. मी रक्त काढणारी, म्हणजे त्यांच्या लेखी निम्मी मेकॅनिकच.

शनिवारी ते जीप आंब्याखाली घ्यायचे आणि सायकलच्या चाकाची एक तार घेऊन टायरच्या खाचांतले खडे काढायचे. एकेक. ओंजळभर निघायचे. मग तळव्याने टायरची भिंत चाचपत जायचे, कुठे चीर दिसली की खडूने खूण करायचे. पुढची चाकं मागे, मागची पुढे, आणि "स्टेपनीलाबी डूटी लावायची, नायतर ती बसून खाती." उन्हात गाडी उभी करायची वेळ आली तर चाकांवर गोणपाट. एवढं प्रेम बायकोवर केलं असतं तर, असं सिस्टर म्हणायच्या. बायको कधीच वारली होती, हे सिस्टरनाही माहीत होतं. पण तिथे सगळेच असं बोलायचे.

माणसांचेही ते तळवेच बघायचे. रुग्ण बाहेर चपला काढून आत जायचे, तोवर मामा त्या चपलांची ओळ न्याहाळत उभे. एकदा माझी चप्पल उलटी करून म्हणाले, "ताई, तुमी डाव्या पायावं लई जोर देता. टाच बाहेरनं झिजलीय. अलायमेंट करून घ्या." एसटीत चढण्याआधी तर ते बसला पुरती प्रदक्षिणा घालायचे आणि टायर पसंत पडले नाहीत तर बस सोडून द्यायचे. सख्ख्या पुतण्याच्या लग्नाला निघाले, लागोपाठ दोन बसा सोडल्या आणि शेवटच्या पंगतीला पोचले. पुतण्या वर्षभर बोलत नव्हता. मामांना त्याचं काही नाही. "अक्षता काय, मी नसलो तरी पडत्यात," म्हणाले.

एकदा वरून केंद्राला चार टायर आले, जुन्यावर नवी साल चढवलेले रिमोल्ड. मामांनी पोचपावतीवर सही करायच्या जागी लिहिलं, 'सदर टायर म्हैसघसरला चालणार नाही'. आठवड्याभरात नगरहून एक साहेब चौकशीला आले. साहेब चांगले होते, फक्त त्यांना वाटत होतं की ड्रायव्हरला कामाचा कंटाळा आहे. मामांनी तेच टायर चढवले, साहेबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि चढाला लागले. एक तृतीयांश चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तसे मामा थांबले, म्हणाले, "साहेब, उतरून बगा." साहेब उतरले ते परत बसले नाहीत; चालत खाली आले, बूट हातात घेऊन. पुढच्या महिन्यात जाड उठाव असलेले बटणवाले नवे टायर आले. ते गाडीतून उतरवताना मामा माझ्या लॅबच्या खिडकीत येऊन एवढंच म्हणाले, "वास घ्या ताई. कोऱ्याचा वास येगळाच." मी घेतला. रबराचाच वास होता.

हे सगळं मला सांगायला सोपं जातं. आता पुढचं.

मामांना साखर होती. त्यात विशेष काही नव्हतं, केंद्रात निम्म्या कर्मचाऱ्यांना होती. गोळ्या चालू होत्या, तपासायला मीच होते. माझ्या तिथल्या सातव्या पावसाळ्यात, एका दुपारी, ते वरच्या वाडीहून आले आणि मी गाडीतून लसीचा डबा काढायला गेले, तर क्लचच्या रबरावर रक्त होतं. वाळलेलं, त्यावर ओलं. मी म्हटलं, "मामा, पाय दाखवा." त्यांनी पाय वर केला. तळव्यात करवंदीचा काटा अख्खा मोडून बसला होता. त्यावर ते चढ चालले होते, वाडीत घरोघर हिंडले होते आणि गाडी चालवत खाली आले होते.

मी त्यांना लॅबमध्ये नेलं, काटा काढला, जखम धुतली. मग म्हटलं, "डोळे मिटा. मी पायाला टोचीन. टोचलं की सांगायचं."

ते डोळे मिटून बसले. मी बोट टोचायची सुई घेतली आणि टोचलं. अंगठ्याखाली, मग करंगळीखाली, मग तळव्याच्या मधोमध, मग टाचेला. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

"टोचा की ताई," ते म्हणाले, "कवाधरनं डोळं मिटून बसलोय."

मी सुई ट्रेमध्ये टाकली, त्या आवाजाने त्यांनी डोळे उघडले. तळव्यावर चार लाल ठिपके होते. ते त्यांनी बोटाने मोजले. दुसऱ्या पायालाही करून बघा म्हणाले. तिथेही तेच.

"कवापासून?" मी विचारलं.

"हिवाळ्यात मुंग्या यायच्या. मंग मुंग्या गेल्या. मला वाटलं बरं झालं."

डॉक्टर साहेबांना सांगायला हवं होतं. ते माझं कामच होतं. मी रजिस्टर ओढलं, तर मामांनी त्यावर हात ठेवला. जोराने नाही. ते म्हणाले, "पावसाळाभर थांबा. माज्या जाग्यावं जो यील तो पायथ्यालाच गाडी लावील. त्यात त्याची चूक न्हाई. पर वरच्या वाडीत तीन बाया दिवसांत हायेत." हे खरं होतं. त्या तिघींची रक्तं मीच तपासली होती. तिघींचंही कमी होतं.

"आणि तुम्हीच गाडी घालवलीत तर?"

"चढ मला तोंडपाठ हाय. निस्तं वरचं रोज बदलतंय. तेवढं तुमी सांगा."

"मी?"

"तुमचं पाय चांगलं हायेत," मामा म्हणाले.

मी हो म्हटलं. आज कुणी विचारलं की का, तर मला त्या तिघींचं नाव पुढे करता येतं. पण खरं सांगायचं तर माझा कुणालाही एवढा उपयोग कधी झाला नव्हता, आणि मला ते आवडलं. दिवाळी झाली की मामांनी स्वतःच डॉक्टर साहेबांना सांगायचं, असं आमचं ठरलं.

तेव्हापासून म्हैसघसरला मी चालायला लागले. चपला सीटखाली, साडी वर खोचलेली. सिस्टरनी केंद्रभर करून टाकलं की लॅबवाल्या बाईंनी वाडीच्या देवीला नवस बोललाय. मी नाकारलं नाही. मामा माझ्या मागून चालायचे, आता पायात चपला घालून, आणि विचारत राहायचे. "काय लागतंय?" मी म्हणायचे, गार. "गार तर सगळंच हाय. सरकतंय का धरतंय?" धरतंय. "टाच दाबा. आता?" आता आत जातेय. "किती?" दोन बोटं. "खाली घट्ट लागतंय का?" हो. "मंग हाय. चला." महिन्याभरात मला गाळ आणि शेवाळ यांतला फरक डोळे मिटून कळायला लागला. सपाटीवरच्या बाईला याहून काय यायला हवं. गाडी चढवताना ते इंजिनाच्या आवाजावर चालवायचे. उतरताना मात्र दोन्ही पाय पॅडलपासून लांब, तळाला सपाट ठेवायचे, कारण उतारावर त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम एकच होता. ब्रेक दाबायचा नाही. बारक्या गिअरात इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं, आणि न फिरणारं चाक म्हणजे घसरगुंडी. हे ते कुणालाही, अगदी रुग्णालाही सांगायचे.

त्या तिघींपैकी दोघी सुखरूप खाली आल्या. तिसरी वाडीतच बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. सकाळी निरोप आला. मी चढ वाचला. वर खडे, आत घट्ट. गाडी व्यवस्थित चढली. आम्ही तिला, तिच्या तान्ह्याला आणि सासूला घेतलं आणि खाली निघालो. पाऊस भुरभुर होता. शेवटच्या वळणाच्या आधी जीप गप्प झाली. म्हणजे इंजिन चालू होतं, पण चाकांखाली खडे वाजायचे थांबले. मग मागची बाजू हळूहळू दरीकडे फिरली. हळूहळूच. मला म्हातारीच्या मांडीवरचं पटकुर दिसत होतं आणि त्यातली एक एवढीशी मूठ. एक हिरड्याचं झाड होतं, त्याच्या मुळ्यांवर मागचं चाक टेकलं आणि गाडी थांबली. सासूने विचारलं, "पोचलो का?"

मामांनी सगळ्यांना कातळाच्या बाजूने उतरवलं. बाळंतिणीला आम्ही चादरीत धरून खाली नेलं. पायथा लांब नव्हता, आणि तिथे रस्त्याने जाणारा एक टेम्पो मिळाला. ती वाचली. तिची मुलगी आता अंगणवाडीत असेल.

मी परत वर आले तेव्हा मामा गाडीजवळ नव्हते. ते उतारावर मागे चालत गेले होते आणि वाकून चाकोरी बघत होते. मला वाटत होतं माझ्या पायांनी चूक केली. मी घट्ट म्हणाले, तिथे गाळ असणार. ते म्हणाले, "न्हाई ताई. हितं बगा." वरच्या अंगाला चिखलात टायरची नक्षी स्वच्छ उमटली होती, बटण न बटण मोजावं अशी. आणि एका जागी ती संपली होती. पुढे नुसता सारवल्यासारखा गुळगुळीत पट्टा.

"फिरलंच न्हाई चाक. धरून ठिवलंय," ते म्हणाले. "माजा पाय ब्रेकवं हुता. मला कळलंच न्हाई."

पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहिते, कारण मला तिथे काही वाटलं असेल तर ते तेवढंच. मी सुटले असं वाटलं. चूक माझी नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी मामा लॅबच्या पायरीवर बसले होते. इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशात गेज नाही. आत आले, पाय स्टुलावर ठेवला, आणि म्हणाले, "आता लिवा." मी पुन्हा चार ठिकाणी टोचलं आणि लिहिलं. डॉक्टर साहेबांनी कागद वाचून मला विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं?" मी हो म्हणाले. ते काही बोलणार होते, पण बाहेर ओपीडी तुंबली होती. मामांना औषधांच्या कोठीवर बसवलं. चाव्या त्यांनी टेबलावर ठेवल्या तेव्हा त्यांचा आवाज झाला, एवढं आठवतं.

नवे ड्रायव्हर आले ते मिरजगावचे. रावसाहेब नाव, चाळिशीचे, आयुष्यभर हायवेवर ट्रक चालवलेला माणूस. हात सफाईदार होता, बोलणं गोड होतं, आणि म्हैसघसर बघून ते म्हणाले, "ह्याला रस्ता म्हनता व्हय तुमी?" गाडी पायथ्याला लागायला लागली. वाडीतली माणसं आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणायची, पूर्वी आणायची तशीच. एक म्हातारा झोळीतच गेला. मामा कोठीत गोळ्यांची पाकिटं लावत असत. खिडकीतून आंबा दिसायचा, आंब्याखाली जीप. शनिवारी ते बाहेर यायचे नाहीत.

शेवटी डॉक्टर साहेबच मामांना म्हणाले, की तुम्ही गाडीला हात लावायचा नाही, पण पुढे चालून रावसाहेबांना एकदा चढ दाखवून द्या. मामा दोन दिवस लहान मुलासारखे वागत होते. मी त्यांना बजावलं की अनवाणी पाऊल टाकायचं नाही, आणि विश्वास नव्हता म्हणून राजूरच्या बाजारातून स्वतः गमबूट आणले. पायाला कुठे घासून फोड येऊ नये म्हणून एक नंबर मोठेच घेतले.

ते चढावर गाडीच्या पुढे उलटे चालत होते. तोंड आमच्याकडे, पाठ चढाकडे. दोन्ही हातांनी खुणा करत, जरा डावीकडे, सरळ, दम खा, ये. मागे वळून एकदाही बघितलं नाही. रावसाहेबांचे डोळे त्यांच्या हातांवर खिळले होते आणि ओठ हलत होते, बहुधा देवाचं नाव घेत असावेत. मी शेजारी बसले होते. वाटेत एका दलदलीच्या पट्ट्यात मामा गुडघ्याएवढे रुतले, हिसका देऊन निघाले आणि हात वर करून म्हणाले, "हितं थांबू नगं, येऊ दे!" गाडी आली. अर्धा चढ झाला, बंद पडायची जागा गेली, शेवटचं वळण गेलं. आम्ही पठारावर आलो. वाडीतली दोन माणसं आणि बरीच कुत्री धावत आली. रावसाहेबांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मामा समोर उभे होते, धापा टाकत, तोंडभर हसत. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "आला का न्हाई?" ते म्हणाले. "ड्रायव्हर हाय गडी!"

मी उतरले आणि माझं लक्ष खाली गेलं. त्यांच्या उजव्या पायात गमबूट होता. डाव्या पायात नव्हता. तो खाली दलदलीत राहिला होता आणि तिथून वरपर्यंत ते एका बुटाने आले होते, उलटे, खडीवरून. तळवा चिरला होता. चिखलात रक्त मिसळून त्याचा रंग रस्त्यासारखाच झाला होता.

"मामा," मी हळूच म्हटलं, "बूट."

त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे न बघता आधी रावसाहेबांकडे बघितलं. रावसाहेबांचं डोकं अजून स्टिअरिंगवर होतं. मामांनी तो पाय उचलला आणि बुटाच्या मागे लपवला.

"त्याला दिसू देऊ नगा," ते म्हणाले. "आत्ताच कुटं धीर आलाय."

तेवढ्यात दार वाजलं. रावसाहेब घाम पुसत उतरले. मामा त्यांना हसून म्हणाले, की आधी चारी टायर हात लावून बघ, तापल्यात का. आणि मी दोन पावलं सरकून, साडी जरा पसरून, मामांच्या पायासमोर उभी राहिले.